डीलरांच्या डब्यातली अंगठी

बेनात इरिगोयेन मेंढीला घाबरत नसे, लांडग्याला घाबरत नसे, आणि नेवाडातल्या एल्को गावच्या हिवाळ्याला तर तो हिंग लावूनही विचारत नसे. पण ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसायचं म्हटलं की त्याची बोबडी वळायची. ब्लॅकजॅक म्हणजे पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायचा जुगार, एकवीसच्या वर गेलात की बुडालात. अख्खा जन्म मेंढ्या कातरण्यात गेलेला माणूस. दांडगा एडका दोन गुडघ्यांत दाबून त्याला बोडका करणारा हा गडी हिरव्या कापडाच्या टेबलापुढं चळचळा कापायचा. हसू नका. त्याच्यावर जे गुदरलं ते तुमच्यावर गुदरलं असतं तर तुम्हीही कापला असतात.

बायको वारल्यावर पहिल्यांदा तो ‘लेम म्यूल’ कॅसिनोत गेला, आणि नेमका टेबलाच्या शेवटच्या खुर्चीत बसला. ती खुर्ची म्हणजे गावच्या पंचाची खुर्ची. तिथल्या माणसानं नको तो पत्ता उचलला की पत्ते वाटणाऱ्या डीलरच्या वाट्याला भलताच पत्ता जातो, आणि टेबल बुडालं की सगळे त्याच्या नावानं खडे फोडतात. बेनातनं उचलला. टेबल बुडालं. एक ट्रकवाला उठून म्हणाला, “ए मेंढपाळा, एकवीसपर्यंत मोजता येत नसेल तर पायाची बोटं धर की जमेला!” सगळे फिदीफिदी हसले. बेनातनं टोपी उचलली आणि तडक पत्त्यांचं मशीन गाठलं. तेव्हापासून तो मशीनवर.

मशीनचं बरं असतं. पडद्यावर लाल जाकीटवाली एक चितारलेली बाई, ती पापण्या फडफडवत पत्ते टाकते. सोळावर पत्ता मागा, वीसवर मागा, बाई म्हणणार, “वा, छान!” बुडालात तरी, “पुन्हा खेळू या!” घाई नाही, गर्दी नाही, बटण दाबायला हवा तेवढा वेळ घ्या. तिच्यापुढं बेनात एक डाव अर्धा सँडविच संपेपर्यंत चालवायचा.

त्याचा जिवलग मर्ल मात्र जन्माचा टेबलवाला. त्याला हे बघून कळ यायची.

“अरे, टेबलावर पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस लागले तर दीडपट देतात. तुझं हे खोकं नुसतं बरोबरीनं देतं. लुटतंय लेका तुला ते!”

“लुटतंय,” बेनात म्हणायचा, “पण ओरडत नाही.”

आता खरं सांगतो. बेनातच्या त्या मशीनवरून मान थोडी डावीकडे केली की समोर टेबल नंबर तीन दिसायचं, आणि सकाळच्या पाळीला टेबल तीनवर लुएला असायची.

लुएला टॅकेट. पन्नाशी ओलांडलेली, नवरा फार पूर्वीच कुठं तरी निघून गेलेला, हसली की अख्ख्या कॅसिनोला कळायचं. पत्ते तिच्या हातातून असे सुटायचे की बघत राहावं. कुणी हरून फणफणला तर म्हणायची, “हात माझे आहेत दादा, नशीब तुमचं.” सुट्टीच्या वेळेला ती बेनातच्या मशीनपाशी थांबायची आणि पडद्याकडे बोट दाखवून विचारायची, “काय इरिगोयेन, ही बाई नीट वागवते ना तुम्हाला?”

आणि बेनात म्हणायचा, “हो.”

बस. इतकी वर्षं हेच. ह्याला जर प्रेमप्रकरण म्हणायचं असेल तर सगळं प्रेमप्रकरण ते एवढंच.

त्या आठवड्याच्या सुरुवातीला लुएला थांबली ती जरा वेगळीच. म्हणाली, “शनिवारी चालले मी. लाफलिनला, बहिणीकडे. तिथल्या कॅसिनोत जागा आहे. सामानाच्या ट्रकचं भाडंही बाजूला काढून ठेवलंय. इथं मला अडवणारं आहे तरी कोण?”

आणि ती थांबली. चांगली थांबली. उत्तराची वाट बघावी तशी थांबली.

बेनात म्हणाला, “हो.”

हे मर्लला कळलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

“हो? अरे ठोंब्या, हो काय? बाई अंगणात येऊन उभी राहिली आणि तू दार लावून घेतलंस!”

“दुसरं काही तोंडातून निघेना.”

“तुझ्या जिवाला ती हवी आहे की नाही? ते सांग.”

बेनातनं मान खाली घातली. हवी होती. इतकी हवी होती की शनिवारनंतर त्या मशीनपुढं बसून डावीकडे बघायचं कशाला, ह्या विचारानं त्याला तीन दिवस जेवण गोड लागत नव्हतं.

“मग टेबलावर बस,” मर्ल म्हणाला. “सुट्टीत तिला गिऱ्हाइकाजवळ बसायची बंदी आहे. पाळी सुटली की मागच्या दारानं जाते. टेबलावर मात्र कुठं पळणार? तिला पगारच उभं राहायचा मिळतो.”

झालं. मर्लच्या स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. टेबलावर हिरवा टॉवेल अंथरलेला, मर्ल बायकोचा एप्रन बांधून डीलर झालेला, आणि समोर बेनात परीक्षेला बसल्यासारखा घाम पुसतोय.

“पत्त्यांना हात लावायचा नाही. तोंडानं सांगून चालत नाही, वर कॅमेरा असतो, त्याला दिसलं पाहिजे. पत्ता हवा तर टेबलावर बोट टेकव. पुरे झालं तर हात असा आडवा हलव. कळलं? हे बघ, तुझे वीस झाले. काय करशील?”

वीसवर थांबायचं, हे बेनातला ठाऊक होतं. मशीनवर ‘थांबा’चं बटण उजव्या हाताला असतं. त्यानं उजव्या हाताला बोट दाबलं.

“हा पत्ता मागितलास तू!” मर्ल किंचाळला. “वीसवर! ट्रकवाला तुला ह्या वेळी उचलून बाहेर फेकेल!”

सवय कसली जाते. बेनात कधी टॉवेल दाबायचा, कधी मिठाची बरणी, आणि एकदा तर डाव सुरू कर म्हणून त्यानं मर्लच्या पोटावरचंच बटण दाबलं.

“आणि हे शेवटचं,” मर्ल थकून म्हणाला. “डीलरला काही द्यायचं झालं तर हातात द्यायचं नाही. कधीच नाही. आपल्या पैजेच्या पुढं, टेबलावर ठेवायचं. आपण जिंकलो की ते डीलरचं. तिच्यासाठी एखादं टोकन लाव, ती हसेल, मग तू बोल.”

एवढं एकच वाक्य बेनातच्या डोक्यात चपखल बसलं. बोलायची गरजच नाही! पुढं ठेवायचं, जिंकलो की ते तिचं. दुसऱ्या दिवशी तो आयडाहो स्ट्रीटवरच्या गहाणवटीच्या दुकानात गेला आणि एक अंगठी घेऊन आला. बारीक निळा खडा, साधं सोनं.

मर्लनं डोळे फाडले. “लग्न? अरे, आधी कॉफीला तर विचार!”

“कॉफी तिला कामावर फुकट मिळते.”

मर्लनं नाद सोडला. त्याला वाटलं, पठ्ठ्या टेबलावर चार शब्द बोलेल आणि पाळी सुटल्यावर बाहेर गाठून अंगठी देईल. शहाण्या माणसाला असंच वाटणार.

शुक्रवारी सकाळी बेनात दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबल तीनपाशी आला. खाणीतून रात्रपाळी करून आलेले दोन जण तिथं बिअर पीत बसले होते. त्यांची सकाळ म्हणजे संध्याकाळच. रिकामी खुर्ची एकच होती, आणि ती कोणती असणार? शेवटची. नशीब एकदा पाठीस लागलं की पत्ता शोधत येतं.

लुएलानं वर बघितलं आणि तिच्या हातातला पत्त्यांचा कॅट तिथंच राहिला.

“इरिगोयेन! इकडे? लाल जाकीटवालीशी भांडण झालं की काय?”

“हो,” बेनात म्हणाला, आणि पैसे तिच्या हातात द्यायला गेला.

“टेबलावर!” मागं उभा असलेला मर्ल कुजबुजला.

पैसे टेबलावर आले. टोकनं मिळाली. पहिला डाव पडला. बेनातला राजा आणि दश्शी. वीस. ह्याहून चांगलं काय मागावं माणसानं? त्याला थांबायचं होतं. त्यानं उजव्या हाताला बोट ठामपणे दाबलं.

दोन्ही खाणवाले त्याच्याकडे वळले.

“वीसवर?” लुएलानं हळूच विचारलं. “नक्की?”

बेनातला वाटलं, मशीनही कधी कधी दोनदा विचारतं. त्यानं पुन्हा दाबलं.

पत्ता आला तो एक्का. एकवीस. पहिल्या खाणवाल्याच्या घशात बिअर अडकली. दुसरा म्हणाला, “हा माणूस एक तर देव आहे नाही तर गाढव आहे.” मर्लनं डोळे मिटून घेतले. लुएला ओठ दाबून हसत होती, आणि ते हसू बघून बेनातच्या अंगात दहा एडक्यांचं बळ आलं. आत्ताच. आत्ता नाही तर कधीच नाही.

लुएला खाणवाल्यांचा हिशेब चुकता करत होती, तेवढ्यात त्यानं पैज लावली आणि पैजेच्या पुढं अंगठी ठेवली. मागून मर्लला बेनातची पाठच दिसत होती. लुएलाचे हात सवयीनं चालले, पत्ते सर्रकन पडले. बेनातला नश्शी आणि सत्ती, डीलरची दश्शी उघडी. मग तिची नजर अंगठीवर गेली.

“हे काय?”

“तुमच्यासाठी,” बेनात म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं तिच्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

लुएलाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, मग तिला कामाची शुद्ध आली. तिनं दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले आणि आवाज दिला, “व्हर्जिल!”

व्हर्जिल म्हणजे टेबलांवरचा मुकादम. सूट घातलेला, चेहऱ्यावर कायम पोटात दुखत असल्याचा भाव. त्यानं वाकून अंगठी पाहिली, वर छताकडे पाहिलं, फोन उचलून कॅमेऱ्यामागच्या माणसांशी बोलला. तिथंही बराच खल झाला असावा.

“पैजेच्या पुढं ठेवलंय,” तो अखेर म्हणाला, “आणि पत्ते पडायच्या आधी ठेवलंय. म्हणजे ही डीलरची बक्षिशी. डाव चालू झाला. आता हात लावता येणार नाही.”

“म्हणजे जिंकलो तर ह्यांची?” बेनातनं आशेनं विचारलं.

“जिंकलात तर डीलरांची. बक्षिशीचा डबा सगळ्यांचा सामाईक असतो. पाळीवरचे सगळे डीलर वाटून घेतात.”

“सगळे?”

“सगळे. हार्लनसुद्धा.” पलीकडच्या टेबलावरून एका झुपकेदार मिशावाल्या धटिंगणानं हात हलवला.

“आणि हरलो तर?”

“तर अंगठी कॅसिनोची.”

बेनातनं हिशेब केला. जिंकलं तर हार्लन, हरलं तर कॅसिनो! त्यानं झटकन अंगठीवर झडप घातली.

“हात मागे!” व्हर्जिल, लुएला आणि मर्ल एकदमच ओरडले. नेवाडात चालू डावातली पैज उचलणं म्हणजे थेट तुरुंग. बेनातचा हात हवेतच थांबला.

आता टेबलाभोवती माणसं जमली. जो तो सल्ला द्यायला मोकळा. मर्ल म्हणे, “सोळावर दश्शीपुढं पत्ता घ्यायचाच असतो, घे!” खाणवाले म्हणत, “खबरदार, घेशील तर! शेवटच्या खुर्चीत बसलायस!” व्हर्जिल म्हणे, “साहेब, वेळ लावू नका.” बेनातला वेळच हवा होता. मशीननं दिला असता. मशीननं संध्याकाळपर्यंत दिला असता! त्यानं लुएलाकडे पाहिलं. ती खाली पत्त्यांकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते, आणि ती रागावली आहे, शरमली आहे, की आणखी काही, हे त्याला कळेना. त्याचा हात टेबलावर लटलटा कापू लागला. आडवा. डावीकडून उजवीकडे.

“पुरे म्हणतायत,” व्हर्जिल म्हणाला. “कॅमेऱ्यानं पाहिलं.”

लुएलानं आपला झाकलेला पत्ता उलटला. छक्की. तिचेही सोळाच. नियमानं तिला पत्ता घ्यावाच लागतो. तिनं घेतला. राणी, म्हणजे सव्वीस.

डीलर बुडाली. खाणवाल्यांनी बेनातची पाठ अशी थोपटली की त्याची टोपी पडली. आणि त्या सगळ्या जल्लोषात लुएलानं ती अंगठी दोन बोटांत उचलली, छताच्या कॅमेऱ्याला दाखवली, आणि पारदर्शक डब्याच्या फटीतून आत सोडली. टुण्. तेवढ्यात बदली डीलर आला, तिच्या सुट्टीची वेळ झाली होती. जाताना डीलर टाळी वाजवून रिकामे तळवे कॅमेऱ्याला दाखवतात, काही लपवलं नाही म्हणून. तिनंही दाखवले. बेनात ते रोज बघायचा. पण आज त्याला वाटलं, हे तळवे आपल्यासाठीच आहेत. मग ती आतल्या दारानं निघून गेली.

तेलही गेलं, तूपही गेलं, आणि बेनातच्या हाती जिंकलेलं एक टोकन आलं. घरी जाईपर्यंत तो रडला नाही, एवढंच सांगतो.

“चूक माझी,” मर्ल गाडीत म्हणाला. “डबा सामाईक असतो हे सांगायचं राहिलं. पण लेका, टोकन लाव म्हणालो होतो मी! टोकन!”

शनिवारी सकाळी बेनात पुन्हा मशीनपुढं येऊन बसला. मर्लनं नको म्हटलं होतं. पण तिला चारचौघांत तोंडघशी पाडलं, निदान माफी तरी मागावी, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. टेबल तीनवर लुएला नव्हती. गेली असणार. लाल जाकीटवाली म्हणाली, “वा, छान!” आणि पहिल्यांदाच बेनातला तिचा मनस्वी राग आला.

कुणी तरी खांद्यावर हात ठेवला. हार्लन होता. मिशा पिळत उभा.

“इरिगोयेनसाहेब, तुमची मागणी आम्हा सगळ्या डीलरांना पोचली. माझा वाटा किती निघतो ते बघतोय. पण आईला विचारल्याशिवाय मी काही होकार देणार नाही.”

त्याच्या मागून आणखी चार-पाच डीलर आले होते. एकजण म्हणाला, त्याला मंगळवार आणि गुरुवारच जमेल. एक बाई म्हणाली, तिचा आधीच नवरा आहे, पण अर्धवेळ चालत असेल तर बघू. बेनातला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

“पुरे रे, माणूस मरेल,” हार्लन म्हणाला आणि शेजारच्या स्टुलावर बसला. “ऐका. डब्यात पडलेलं तोडून वाटता येत नसेल तर आम्ही आपापसांत लिलाव करतो. पैसे डब्यात, वस्तू घेणाऱ्याची. काल पाळी सुटल्यावर केला. मला हवी होती ती अंगठी, माझ्या मैत्रिणीसाठी. चांगली बोली लावली मी. पण एकजण इरेलाच पेटलं. मी वाढवलं की ते वाढवायचं. मी वाढवलं की ते वाढवायचं. शेवटी त्या माणसानं भाड्याच्या ट्रकसाठी बाजूला काढलेले पैसे टेबलावर आपटले, आणि मी म्हटलं, घे बाई, घे.”

बेनातला हे समजायला जरा वेळ लागला. हार्लन उठला आणि बाजूला झाला.

मागं लुएला उभी होती. अंगात कामाचे कपडे नव्हते, निळा स्वेटर होता. अंगठी लहान पडत होती, म्हणून तिनं ती करंगळीत घातली होती.

“इरिगोयेन,” ती म्हणाली, “जगात बायकांना अंगठी फुकट मिळते. मला माझीच अंगठी लिलावात विकत घ्यावी लागली. ट्रक गेला. लाफलिन गेलं. रात्री बहिणीनं फोनवर मला वेडी ठरवलं. मला रीतसर विचारायचं असेल तर आता तोंडानं विचारा, टेबलाशिवाय, पत्त्यांशिवाय.”

 पलीकडच्या टेबलावरचा डाव थांबला. व्हर्जिलनंसुद्धा छताकडे बघायचं सोडून इकडे बघितलं. बेनात उभा राहिला. टोपी काढली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. इतक्या वर्षांत मनात रचलेलं सगळं एकदम ओठांवर गोळा झालं आणि त्यातलं जे सगळ्यात पुढं होतं तेच बाहेर आलं.

“तुम्ही मटण खाता ना?”

मर्लनं तोंड झाकून घेतलं.

लुएलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ती हसतही होती.

“खाते,” ती म्हणाली. “पण मला लसूण जास्त लागतो.”

“लागेल तेवढा घालू,” बेनात म्हणाला.